एक पंप, दोन वाटा

३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे विहिरीत तोंड घालून ओरडणं. परवा मी म्हटलं, "बाळ झोपलंय," तर तू विचारलंस, "कोण खपलंय?" ही पोट धरून हसली आणि मग रडायलाच लागली. म्हणून आता पत्र. तीन दिवस लागतात, पण निदान लिहिलेलं तुला ऐकू येतं.

भिंगरी परवा साडेचार महिन्यांची झाली. रंग अजून तसाच आहे. ओठ जांभळट, नखं निळसर. रडली की आणखी काळवंडते आणि मी जिथं असेन तिथून धावतो. पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा तू खुब्याचं हाड मोडून पडली होतीस, म्हणून तुला धड काही सांगितलं नव्हतं. आता ऐक. तिच्या हृदयाला खालचा कप्पा एकच आहे. आपल्याला दोन असतात ना, एक फुप्फुसाकडे रक्त ढकलणारा आणि एक अंगाला पुरवणारा? तिचा एकच, आणि तोच दोन्हीकडे ढकलतो. जन्मल्यावर आठव्या दिवशी त्यांनी फुप्फुसाकडे जाणारी एक बारीक नळी जोडली, काडेपेटीतल्या काडीएवढी. दुसरं ऑपरेशन महिन्याभरात. तोवर घरी सांभाळा म्हणाले.

घरी सांभाळा! पायाच्या अंगठ्याला चिमटा लावला की यंत्रावर आकडा येतो, रक्तात प्राणवायू किती भरलाय त्याचा. तुझा-माझा सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. तिचा अठ्ठ्याहत्तर. कधी शहात्तर. तुला माहीत आहे मी काय काम करतो. सतरा वर्षं पंपघरात काट्यांकडे बघत बसलोय. काटा लाल पट्टीत गेला की मी तोंडातला घास टाकून उठतो. आता माझ्या घरात काटा चोवीस तास लाल पट्टीत आहे आणि मला सांगतात, शांत राहा.

आमच्या शेजारच्या शिंप्याकडे हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारं यंत्र आहे. त्याच्या वडिलांसाठी आणलं होतं, ते गेले, यंत्र कपाटामागे पडून. तो म्हणतो, घेऊन जा. डॉक्टर याबद्दल विशेष काही बोलले नाहीत. तू तीस वर्षं पोरांना बेडूक कापून दाखवलेस. बेडकालाही खालचा कप्पा एकच असतो हे तूच मला शिकवलंस. तो कसा जगतो? आणि हा आकडा वर आणायचा की नाही? तू सांगशील ते करीन.

ही पार्सल कचेरीतून बिनपगारी रजेवर आहे. दिवसभर वजनकाट्यावर काम करायची सवय. आता घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर भिंगरीचं दूध तोलते, लंगोट तोलते, एकदा चुकून माझी चप्पलही तोलली.

तुझा,
ठोंब्या


७ नोव्हेंबर

ठोंब्या,

आधी एक गोष्ट मनावर कोरून घे. त्या पोरीच्या हृदयाला घरात कुणीही "अपुरं" म्हणायचं नाही. शेजारणीनं म्हटलं तर तिला माझा पत्ता दे.

तीस वर्षं मी या शब्दाशी भांडले. पुस्तकात छापलेलं असायचं, "बेडकाचे हृदय अपूर्ण असते." मी पोरांना ती ओळ खोडायला लावायची. कुणाच्या मानानं अपूर्ण? माणसाच्या? बेडूक माणूस व्हायच्या रांगेत उभा आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?

माशापासून सुरू कर. त्याला वरचा कप्पा एक, खालचा एक. एका ढकलीत रक्त कल्ल्यांत जातं, तिथं प्राणवायू घेतं आणि उरलेल्या जोरावर अंगभर फिरून परत येतं. एकच वाट, एकच फेरी. पाण्यातल्या जिवाला तेवढं पुरतं. मग बेडूक. वरचे कप्पे दोन, एकात फुप्फुसातून आलेलं लाल रक्त, दुसऱ्यात अंगातून आलेलं काळसर. खाली दोन्ही एकाच खोलीत येतात. लोकांना वाटतं सगळा काला होत असेल. नाही! ती खोली आतून अशी कंगोऱ्यांची आहे, आणि पुढच्या नळीत अशी एक पिळदार पडदी आहे, की बरंचसं रक्त आपापली वाट धरतं. शिवाय बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. सरड्यापालीला खोलीत अर्धी भिंत. मगरीला पूर्ण भिंत, पण बाहेरच्या दोन मोठ्या नळ्यांमध्ये एक खिडकी, पाण्याखाली बुडी मारली की फुप्फुसांकडचं रक्त वळवायला. पक्षी आणि आपण, पूर्ण भिंत, दोन वेगळे पंप. आणि तू स्वतः? आईच्या पोटात नऊ महिने तुझ्याही वरच्या भिंतीला भोक होतं. तिथं फुप्फुसं बंद, मग रक्त तिकडे कशाला पाठवायचं? पहिला श्वास घेतलास आणि दार लागलं. ही सगळी हृदयं पुरी आहेत. ज्याचं जगणं जसं, तसा त्याचा पंप.

आता तुझा प्रश्न. यंत्र लाव. विचारत काय बसलास? प्राणवायूशिवाय पेशी जगत नाही, हे शाळेतलं पोरगं सांगेल. रक्त जितकं लाल तितकं अंगाला बरं. अठ्ठ्याहत्तर बघत हात चोळत बसणं म्हणजे घर जळताना पंचांग बघणं. डॉक्टर बोलत नाहीत, कारण डॉक्टर सांभाळून बोलतात. शास्त्र सांभाळून बोलत नाही.

मी वॉकर धरून दारापर्यंत जाते आता. माझी काळजी करू नकोस. तिला लोकरीचे पायमोजे पाठवले आहेत, एक थोडा मोठा झालाय. दुसरा विणताना नजर सुयांवरून हलली.

आत्या


१४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझ्या तोंडात साखर पडो! दहा तारखेला यंत्र लावलं. पहिल्या तासात अठ्ठ्याऐंशी. आज सकाळी पंच्याण्णव. पंच्याण्णव, आत्या! गाल गुलाबी, नखं गुलाबी. शिंपी बघायला आला आणि म्हणाला, "अहो, ही गोरी आहे की!" मी चिमटा स्वतःच्या बोटाला लावून बघितला, तिच्याहून दोनच जास्त. चार महिन्यांत पहिल्यांदा मी जेवताना उठलो नाही.

जरा दमते मात्र. दूध पिताना कपाळावर घाम येतो, मधेच सोडून देते, श्वास भरभर. झोपते जास्त. मी म्हणतो, इतक्या दिवसांची झोप काढतेय. थंडीही पडलीय, पाय गार लागतात, तुझे मोजे चढवले तरी गारच. ही आपली काळजी करते. म्हणते लंगोट हलके झालेत. मी म्हटलं, अगं, थंडीत घाम जिरत नाही का... काहीतरी म्हटलं. मला आठवत नाही. तिच्या तोलण्याला अंत नाही.

कामावर मात्र कटकट चाललीय. खालच्या वस्तीच्या लाइनवर नवा व्हॉल्व्ह बसवला, दुप्पट मोठा. पंप तोच. खाली नळाला धो धो पाणी, लोक खूश. आणि काल वरच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन फाटकावर. "तुमचा पंप बंद आहे का?" पंप चालू आहे, बाई, चांगला चालू आहे, काटा बघा! एकीनं बादली माझ्या टेबलावर उपडी ठेवली आणि म्हणाली, "काटा पितो का आम्ही?" साहेबांनी मलाच झापलं.

असो. पंच्याण्णव.

तुझा,
ठोंब्या


१७ नोव्हेंबर, दुपार

ठोंब्या,

हे पत्र पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते, कारण हात थांबत नाही.

तुझं पत्र सकाळी आलं. पहिल्यांदा वाचलं आणि मी घरात एकटीच मोठ्यानं हसले. दुसऱ्यांदा वाचताना बादलीवाल्या बाईशी थांबले. तिसऱ्यांदा वाचलं नाही. वॉकर घेतला आणि निघाले. औषधाचं दुकान माझ्या दारापासून चारशे पावलं आहे, डॉक्टरांनी मला पन्नासच चालायला सांगितलंय. औषधवाल्यानं तुमचा नंबर फिरवला, कानाला लावला, मान हलवली. कुणीतरी उचलला होता. मी रिसीव्हर हिसकावून घेतला. मला पलीकडचं काही ऐकू येणार नव्हतं. तू आहेस की ती, की शिंपी, की फोन कुणी उचलून टेबलावर ठेवलाय, काही कळायला मार्ग नाही. मी त्या काळ्या डबड्यात ओरडले, "यंत्र बंद करा. मी चुकले. पोरीला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या." तीनदा ओरडले. दुकानात गिऱ्हाइकं होती, ती बाजूला सरकली. रिसीव्हर त्याच्याकडे दिला तर लाइन मेलेली. त्यानं पुन्हा चार वेळा फिरवला. कुणी उचलत नाही.

तुला कारण कळायला हवं. एक पंप, दोन वाटा. एक फुप्फुसाकडे, एक अंगाकडे. जी वाट सोपी, तिकडे रक्त जास्त जाणार. तुझ्यामाझ्यात दोन पंप वेगळे, म्हणून चिंता नाही. तिच्यात वाटणी वाटेच्या रुंदीवर ठरते. आणि फुप्फुसातल्या नसांचा स्वभाव असा की प्राणवायू जास्त मिळाला की त्या सैल होतात, उघडतात. तू यंत्र लावलंस आणि खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह दुप्पट झाला. फुप्फुसात धो धो. तिथं रक्त लालभडक होणार, आकडा चढणार. आणि अंगाला? पायांना, मूत्रपिंडांना, आतड्यांना? रिकाम्या बादल्या. पाय थंडीनं गार नाहीत, ठोंब्या. लंगोट हलके आहेत कारण मूत्रपिंडांपर्यंत रक्तच पुरेसं जात नाही. ती दमते कारण एकटा कप्पा दुप्पट राबतोय आणि फुप्फुसं भरून चाललीत. रक्त किती लाल आहे हे विचारलं आपण. किती रक्त कुठे पोचतंय हे कुणी विचारलंच नाही. विचारलं ते तुझ्या बायकोनं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

आणि हे मला ठाऊक होतं! बेडूक पाण्याखाली गेला की फुप्फुसाची वाट आवळतो आणि रक्त अंगाकडे, कातडीकडे पाठवतो. तीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं. तुला लिहिलेल्या पत्रात मगरीची खिडकीसुद्धा घातली मी! आणि पुढच्याच परिच्छेदात "यंत्र लाव" लिहिलं, जसं काही मी फळ्यासमोर उभी आहे आणि पुढच्या बाकावर उत्तराची वाट बघणारी पोरं आहेत.

शाईचा डाग पडलाय तो पाण्याचा आहे. ग्लास कलंडला.

आत्या


२० नोव्हेंबर

ठोंब्या,

आज तिसरा दिवस. रोज दोनदा दुकानात जाते. औषधवाला मी दिसले की आपणहून नंबर फिरवतो, ऐकतो, आणि बोटानं "नाही" करतो. काल त्यानं मला बसायला स्टूल दिलं. त्याला वाटतं मी तिथंच कोसळेन.

कुणी उचलत नाही याचा अर्थ तुम्ही घरी नाही. घरी नाही याचे अर्थ दोन होतात. मी एकच धरून चालले आहे. कुणाच्याही हातचं लिहून पाठवा. एक शब्द पुरे.

आत्या


२१ नोव्हेंबर

आत्याबाईंना नमस्कार.

भिंगरी आहे.

हे आधी लिहिलं, कारण तुम्ही तेवढंच शोधत असाल. मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर समजून घ्या.

फोन मी उचलला. हे कामावर होते. तुमचा आवाज इतका मोठा होता की मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला, तरी भिंगरी दचकली. मी "हो" म्हटलं, "निघाले" म्हटलं, तुम्हाला काय ऐकू जाणार. यंत्राचं बटण बंद केलं, तिला शालीत गुंडाळलं, शिंप्याला गाडी काढायला लावली.

आत्याबाई, मला चार दिवस कळत होतं. सोमवारी दिवसभरातले लंगोट मिळून जेवढे भरले, त्याच्या निम्मे गुरुवारी. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत एक कोरडाच. मी कागदावर मांडून यांना दाखवलं. हे म्हणाले, "आकडा बघ, पंच्याण्णव आहे." आणि तुमचं पत्र दाराला टाचणीनं लावलेलं. एकीकडे यंत्राचा आकडा, दुसरीकडे तुमचं शास्त्र, त्यांच्यापुढे माझा लंगोट काय टिकणार? मी गप्प बसले. ती माझी चूक, ती कुणी वाटून मागू नका.

डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितले, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गार. म्हणाल्या, आणखी एक दिवस घरी ठेवलं असतं तर काही करता आलं नसतं. प्राणवायू बंद, लघवी होण्याचं औषध, सलाईन. अंगाचं रक्त पुन्हा वाटेवर यायला दोन दिवस लागले.

आणि मग त्यांनी विचारलं, "घरी सोडताना कागद दिला होता, तो वाचला नाहीत का?" मी म्हटलं, कुठला कागद? यांनी पाना-पकडीच्या पिशवीतून काढून दिला. घडी घातलेला, कडांना तेल लागलेलं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: आकडा पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी ठीक आहे. आम्हाला विचारल्याशिवाय प्राणवायू देऊ नये.

मी भिंगरीला कपडे घालत होते तेव्हा तो यांच्या हातात दिला होता. मला म्हणाले होते, नेहमीच्याच सूचना आहेत.

तुमच्यावर माझा राग होता. कागद बघितल्यावर तो कुठे ठेवावा ते कळेना. यांच्याशी मी तीन दिवस बोललेले नाही. भांडायलाही वेळ हवा. यांना सांगितलंय, तुम्हाला पत्र तुम्ही स्वतः लिहायचं.

आज पहाटेचा लंगोट एक्केचाळीस ग्रॅम. नर्सनं काटा आणून दिला. ती हसली, मीही हसले.

तुमची भाचेसून


२६ नोव्हेंबर

आत्या,

चार कागद फाडले.

तुझी १७ आणि २० तारखेची पत्रं घरी दाराखाली पडली होती. ग्लास कलंडला म्हणे. तुझ्या घरात सगळे पेले स्टीलचे आहेत.

तू लिहिलंस, मी चुकले. ते खोटं आहे. तुला अर्धंच सांगितलं गेलं होतं. "डॉक्टर विशेष काही बोलले नाहीत" हे मी लिहिलं तेव्हा तो कागद माझ्या पिशवीत होता. मी वाचला होता. एकदा नाही, वीसदा. पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी ठीक. मला वाटलं, हे लोक माझ्या पोरीला काठावर पास करतायत. दुसऱ्यांची पोरं शंभरात अठ्ठ्याण्णव आणि माझी पंच्याहत्तरवर ठीक? गरिबाच्या पोराला "पोटापुरतं शिकलास, आता बस" म्हणतात ना, तसं ऐकू आलं मला ते. आणि तुला कागदाबद्दल सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, थांब, का लिहिलंय ते आधी विचार. मला थांब ऐकायचं नव्हतं. मला तुझ्या आवाजात "हो" ऐकायचं होतं. तुझ्याकडून सल्ला मागितलाच नाही मी, सही मागितली. सगळ्यांत जोरात "हो" म्हणणारं माणूस आपल्या घराण्यात तूच.

वरच्या गल्लीतल्या बायका समोर उभ्या होत्या, आत्या. मी सतरा वर्षं पंप चालवतो. बिनशिकलेल्याला कळेल ते मला माझ्या पोरीच्या अंगात कळलं नाही, कारण काटा छान दिसत होता.

ही आता बोलते. "पाणी आण," "सरक," "सही कर," एवढं.

भिंगरीची तब्येत सावरली. आकडा एकोणऐंशी. नऊ डिसेंबरला दुसरं ऑपरेशन. सर्जननं चित्र काढून दाखवलं. डोक्याकडून आणि हातांकडून येणारी मोठी शीर हृदयात न नेता थेट फुप्फुसाच्या नळीला जोडायची. म्हणजे तेवढं रक्त पंपाला न भेटताच फुप्फुसात उतरेल आणि एकट्या कप्प्याचं ओझं हलकं होईल. मी विचारलं, मधे पंप नाही? म्हणाले, नाही. ढकलणार कोण? म्हणाले, शिरेत उरलेला दाब आणि श्वास. बिनपंपाची लाइन मी कुणाच्या घरात कधी टाकली नसती.

मला धीर देऊ नकोस. खरं ते सांग. ठाऊक नसेल तर नाही म्हण.

ठोंब्या


३० नोव्हेंबर

ठोंब्या,

दोष वाटून घ्यायला तो काय वडिलार्जित जमिनीचा तुकडा आहे? तू अर्धं विचारलंस, मी काहीच न विचारता पूर्ण उत्तर दिलं. डॉक्टर नेमकं काय म्हणाले, असा एक ओळीचा प्रश्न मला सुचला नाही. ते माझंच राहू दे. तुझं तुझ्याकडे. सुनेनं गप्प बसण्याला आपली चूक म्हटलंय. तिला सांग, तिला गप्प बसवणारे दोघे होते आणि त्यांतली एक मी.

आता ठाऊक आहे ते. माशाचं रक्त कल्ल्यांतून गेल्यावर पुढे दुसरा पंप नसतो. कल्ल्यांच्या बारीक जाळ्यात जोर बराचसा संपतो, तरी उरलेल्यावर ते शेपटापर्यंत जातं आणि परत येतं. पंप नसलेल्या पल्ल्यावर रक्त वाहतं, मात्र वाट मोकळी हवी, वळणं सौम्य हवीत, पुढे तुंबलेलं नको. म्हणजे सर्जन सांगतायत ते वेडेपण नाही. माझ्या ज्ञानाची हद्द इथं संपते. मी मेलेले बेडूक उघडले आहेत, ठोंब्या, जिवंत मूल नाही.

भिंगरी त्या टेबलावरून परत येईल का, हे मला ठाऊक नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आयुष्यात व्यासपीठावरून, वर्गातून, भांडणातून मी इतकी वाक्यं फेकली, हे एक कधी वापरलं नव्हतं. सर्जनला विचार, जोडल्यावर काय बिघडू शकतं, ते कसं दिसेल, दिसलं तर कुणाला हाक मारायची. उत्तर कळलं नाही तर परत विचार. त्यांना राग आला तर येऊ दे. आणि विचारताना सुनेला शेजारी बसव, पाठीमागे नाही.

आत्या


१४ डिसेंबर

प्रिय आत्या,

अक्षर हिचं आहे, बोलतोय मी. माझे दोन्ही हात गुंतलेत. का ते सांगतो.

ऑपरेशन सहा तास चाललं. सर्जन बाहेर आले, टोपी काढली, आणि त्यांच्या तोंडावरून काही कळेना. मी उठलो. हिनंच विचारलं, "आहे का?" ते म्हणाले, आहे.

(त्यानंतर हे जमिनीवर बसले. खुर्ची शेजारीच होती. — सून)

ते लिहू नकोस.

(लिहिलं.)

काल खोलीत आणलं. आकडा त्र्याऐंशी आहे आणि तो त्र्याऐंशीच असायला हवा, कारण अंगाच्या खालच्या भागातलं काळं रक्त अजून त्याच कप्प्यात मिसळतंय. ती वाट तीन-चार वर्षांनी तिसऱ्या ऑपरेशनात वळवतील. हे सगळं मी विचारून घेतलं. चौदा प्रश्न होते. नवव्याला सर्जन खुर्ची ओढून बसले. ही शेजारी होती, अकरावा आणि बारावा तिचे होते, आणि खरं तर तेच दोन त्यांना महत्त्वाचे वाटले.

पाय गरम आहेत. मी दर तासाला बघतो. ही म्हणते दर दहा मिनिटांना.

पण चेहरा सुजलाय, डोळे बारीक झालेत, आणि डोकं दुखत असावं असं रडते. याबद्दल सांगितलं होतं आधीच. डोक्याकडचं रक्त आता पंपाशिवाय उतरतंय, शरीराला सवय नाही, वरच्या बाजूला दाब साठतो. त्यावर पहिले काही दिवस उपाय एकच, तिला आडवं ठेवायचं नाही. डोकं वर, छाती सरळ. पलंगाचं डोकं उंच केलंय, पण तिथं ती घसरते, आणि घसरली की किंचाळते. नर्स म्हणाली, कुणीतरी छातीशी उभं धरून बसलं तर सगळ्यात बरं.

तर मी धरून बसलोय. काल दुपारपासून, आळीपाळीनं. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली, माझा एक हात तिच्या पाठीला, एक खाली. टाके आहेत म्हणून काखेत हात घालून उचलायचं नाही. मी जरा मागे रेललो तर तिला कळतं आणि ओरडते. सरळ झालो की गप्प. तिच्या डोक्यातलं रक्त माझ्या बसण्यावर उतरतंय, आत्या. सतरा वर्षांत मी बटण दाबलं, व्हॉल्व्ह फिरवला. आता फक्त ताठ बसायचंय.

(हे काल दोन तास बसले आणि एकदाही यंत्राकडे बघितलं नाही. मी बघत होते यांच्याकडे.)

तुला यायचं असेल तर खुब्याच्या डॉक्टरांना विचारून ये. आम्हाला इथं आणखी दहा दिवस तरी आहेत, आणि ताठ बसू शकणारी माणसं कमी पडतायत. शिंपीही येऊन गेला, पण तो अर्ध्या तासात वाकतो, धंद्याची सवय.

ती आत्ता जागी झाली. माझ्या शर्टाचं बटण चघळतेय. डावा हात बधिर झालाय. हिला म्हटलं, घे जरा. ही म्हणते, पत्र संपवू दे, दोन ओळी राहिल्यात. म्हटलं, पत्र राहू दे, आधी भिंगरीला घे, पण सावकाश, डोकं वरच राहू दे, हं, असं, आधी पाठीला हात